दिगूच्या जिवावर गंगाखेड

पायी भटकायची हौस तुम्हा पुणेकरांनाच असते असं समजू नका. मी पालमला मास्तर होतो तेव्हा आम्ही चौघा मित्रांनी गोदावरीच्या काठानं गंगाखेडकडं चालत जायचा बेत केला, तोही येळवशीला. त्या अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याबिगर सोडत न्हाई.

वाटेच्या शेवटी माझ्या सासऱ्यांचं शेत. त्यांना बेत सांगितला तर हसायलेच. "जावयबापू, दोन-तीन शेतांतच आंबील पिऊन घोरत पडताल! दिवस मावळायच्या आत चालत आलात, तर तुमची ताटं मी सोता वाढतो."

हे मला लय लागलं. चहा पीत पीत आम्ही डोकं लढवायलो, तर आमच्यातला खादाड दिगू म्हणाला, "तुमी चालायचं बघा. जेवायचं माज्याकडं लागलं!"

झालं. कुणी "ओ मास्तर, या की जेवायला!" म्हणलं की आम्ही तिघं एकेक घास खाऊन मान राखायचो आणि वाटेला लागायचो. दिगू पोटभर जेवायचा आणि पळत येऊन आम्हाला गाठायचा.

दिवस मावळायच्या आत सासऱ्यांच्या बांधावर हजर!

मामांनी शब्द पाळला, पटका सावरत वाढायला घेतलं. वाटेतली हकीकत आमच्याकडून ऐकली होती, म्हणून दिगूपाशी मातर थांबले. "ह्यांना राहू द्या, दिसभर जेवल्यात."

दिगूनं ताट पुढं सरकवलं. "मामा, ते समदं ह्या तिघांच्या वाट्याचं होतं. माझं जेवण अजून व्हायचंय!"