मालक मागं बसतात

मायलेज सोडा हो! जो येतो तो तेच विचारतो, ‘सर, ॲव्हरेज किती देते?’... अरे, माझं काय ॲव्हरेज राहिलंय ते विचारा ना एकदा! तुम्हाला सांगतो, गेल्या दिवाळीपर्यंत मी माणूस होतो. सायमन भिंगारदिवे, वय त्रेपन्न, शाळेत पीटीचा मास्तर, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि दारात माझी ती छोटी लाल गाडी... अहाहा! नुसतं नाव काढलं तरी उजवा पाय आपोआप दाबला जातो बघा. दिसायला मिरचीएवढी, पण करंजी घाटात तिसऱ्यावर टाकली की अशी सुटायची, की मागचे जीपवाले बघतच राहायचे. कुठंही शिरायची, कुठंही वळायची, कुठंही मावायची. आणि आता? आता ही काळी म्हैस! गाडी मोठी घेतली, तुम्हाला सांगतो, आणि मी लहान झालो.

घेतली म्हणजे मी नाही हो घेतली, घ्यायला लावली! आमच्या एस्तेरचे, म्हणजे बायकोचे, थोरले बंधू, दानीएलभाऊ. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, पण खातं अजून त्यांच्यातून रिटायर व्हायचंय. आले एक दिवस, बसले, पोटावर हात ठेवला आणि सुरू... ‘सायमनराव, तुमची लेक दया सत्तावीसची झाली. स्थळं बघायला कशातून जाणार? ह्या मिरचीतून? उतरताना आधी गुडघे बाहेर येतात, मग माणूस येतो. पाहुण्यांवर काय छाप पडणार? वजन पाहिजे, वजन!’ आणि आमची एस्तेर काय म्हणाली असेल? ‘दादा म्हणतात ते खरं आहे.’ आमच्या धर्मात आज्ञा दहा आहेत, पण आमच्या घरात अकरा. अकरावी हीच... दादा म्हणतात ते खरं आहे!

तर गेली माझी मिरची, आणि आली ही. नऊ वर्षांची वापरलेली. कुठल्याशा कंपनीचे मोठे साहेब वापरत होते म्हणे. वापरत होते म्हणजे मागं बसत होते! कारण ह्या गाडीत जे काय सुख आहे ना, ते सगळं मागं. मागं एसीचे वेगळे झरोके, मागं पडदे, मागं वाचायचा दिवा, हात ठेवायला गादी, आणि पुढचं सीट ढकलून पाय पसरायला एक बटन! आणि पुढं? ड्रायव्हरचं सीट पार बसलेलं, नऊ वर्षं कुणीतरी बिचारा त्यावर बसून होता, त्याचा खड्डा तसाच. दाराच्या खणात त्याचा कंगवा सापडला मला. दोन केसांसकट! म्हणजे गाडी साहेबांची घेतली, आणि मला मिळालं काय, तर ड्रायव्हरचा कंगवा.

पहिल्या दिवशी शाळेत घेऊन गेलो. फाटकावरच्या शिपायानं खाडकन सलाम ठोकला... मागच्या काचेला! मागं कोण होतं? कुणी नव्हतं! रिकाम्या सीटला सलाम, आणि मला म्हणतो, ‘सर, कुणाला घिऊन आलात?’ पेट्रोल पंपावर पोरगा मला सोडून मागं वाकून बघतो, साहेब किती टाकायचं म्हणून. भिंगारला एका लग्नाला गेलो, गाडीतून उतरलो न उतरलो तोच एका पोक्त बाईनं दंडाला धरलं, ‘भाऊ, ड्रायव्हर लोकांची पंगत मंडपामागं बसलीय, लवकर जा, भात संपंल.’ आता काय बोलणार? बाई मायेनंच बोलत होती हो! गेलो. जेवलो. भात खरंच संपत आला होता.

आणि लांबी किती म्हणता? सावेडीला आमच्या पोर्चमध्ये ही मावतच नाही. डिकी हातभर बाहेर राहते, फाटक लागत नाही, म्हणून फाटकाला नायलॉनची दोरी. आणि पोट असं खाली, की गतिरोधक आला की खर्रर्र! त्यामुळं आमच्याकडं पद्धतच पडलीय... गतिरोधक दिसला की मी शिट्टी मारतो, सगळे उतरतात, चालत पलीकडं जातात, मी रिकामी गाडी तिरपी करून काढतो, पुन्हा शिट्टी, पुन्हा सगळे आत. गाडी मोठी घेतली आणि घरातली माणसं चालायला लागली!

बरं, हे सगळं गिळलं मी. कशासाठी? दयासाठी. एकुलती पोर माझी. नगरलाच दवाखान्यात सिस्टर आहे. बारा तासांची ड्युटी करून दमून येते आणि आल्याआल्या बापाची शुगर तपासते. तिच्यासाठी एक स्थळ आलं, नेवाशाकडचं... गावाचं नाव घेत नाही, उगीच कुणाची अब्रू कशाला. मुलगा पुण्यात इंजिनिअर, पोरांची तिकडंच एका लग्नात भेट झालेली, बरी वाटली एकमेकांना. फोनवरची सगळी बोलणी अर्थातच दानीएलभाऊंनी केली, ‘दयाच्या घरून बोलतोय’ म्हणून. दयाची अट एकच, नोकरी सोडणार नाही. तिकडून उत्तर आलं, छे छे, सोडायची कशाला! मग घर बघायला जायचं ठरलं, आणि दया मला म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही बघून या. तुम्हाला बरं वाटलं तर मी हो म्हणते.’ तुम्हाला बरं वाटलं तर! मामाला नाही, मम्मीला नाही, मला! अहो, आयुष्यात एवढ्या मॅचेसना पंच म्हणून उभा राहिलो, पण एवढा मोठा निकाल कधी माझ्या हातात नव्हता.

निघालो. नेमका शनिवार. मागं डावीकडं दानीएलभाऊ, उजवीकडं एस्तेर, पुढं मी एकटा. एस्तेर मागं का? तर पुढच्या पट्ट्यानं साडी चुरगळते! घोडेगावला शिंगणापूरचा फाटा आला तर ही गर्दी, आणि पूजेच्या ताटवाल्यांनी गाडी घेरली. मोठी गाडी, त्यात काळी! मला कुणी विचारेना, सगळे मागच्या काचेवर, ‘मालक, तेल घ्या, मालक, पानं घ्या!’ दानीएलभाऊंनी काच चार बोटं खाली केली, म्हणाले, ‘आम्ही ख्रिस्ती आहोत.’ तर तो गडी काय म्हणाला ठाऊक आहे? ‘मग काय झालं मालक? साडेसाती काय जात बघून लागती व्हय?’ मी आरशातून मागं बघितलं. खरं सांगू, मला तर ती डावीकडच्या सीटवर बसलेलीच दिसली.

गावाच्या तोंडाशी पोहोचलो आणि समोर गतिरोधक... गतिरोधक कसला, बंधाराच तो! दानीएलभाऊ खाली उतरून म्हणाले, ‘ह्याला सांडवा ठेवायला पाहिजे होता.’ आणि गेले पुढं. एस्तेर त्यांच्या मागं. घर शंभर पावलांवर. मी गाडी तिरपी केली, आडवी केली, सगळं केलं... खर्रर्र! अडकली. खाली निजून बघावं लागलं, दगड काढावा लागला, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट असा झाला की पुसायलासुद्धा कुणी घेणार नाही. डिकीत गाडी धुवायचा जुना शर्ट होता, तो चढवला. आणि अशा अवतारात पोहोचलो फाटकाशी, तर तिथला एक चुलतभाऊ ओरडतोय, ‘ए ड्रायव्हर! गाडी तिकडं गोठ्याच्या अंगाला लाव, सावलीला. चहा धाडतो!’ गाडी मोठी घेतली, मंडळी, आणि मी लेकीच्या होणाऱ्या सासरी गोठ्याच्या अंगाला लागलो!

तुम्ही म्हणाल, सांगायचं नाही का? सांगणार होतो! पण राग असा आला, की म्हटलं येईल की कुणीतरी बोलवायला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली... कुणी नाही! नंतर कळलं, आत काय झालं ते. दानीएलभाऊ उंबऱ्यात शिरताच मुलाच्या वडिलांनी विचारलं, ‘दयाचे पप्पा ना?’ आणि अंगावर शाल घातली. हे नाही म्हणणार होते म्हणे, पण बोलायला संधीच मिळाली नाही. संधी! ज्या माणसानं माझ्या लग्नात माझ्या वतीनं भाषण केलं, त्याला संधी मिळाली नाही! आणि दादांच्या पुढं एस्तेर काय बोलणार?

तर मी गोठ्याशी. तिथं त्यांचा ड्रायव्हर जीप धूत होता, रामहरी म्हणू त्याला, खरं नाव नाही सांगणार. माझ्यापेक्षा थोडा थोरलाच. त्यानं बादली पालथी घालून दिली बसायला, चहा आला, त्यातला अर्ध्याहून जास्त मलाच ओतला, आणि हळूच म्हणाला, ‘तुमच्या मालकाची पोरगी कशी हाय वो? खरं सांगा. आपल्या आपल्यात.’

आता बघा, कुणाला सांगता येतं का स्वतःच्या पोरीबद्दल असं? पण मी ड्रायव्हर होतो ना! मग बोललो. म्हटलं, अशी पोर शोधून सापडणार नाही. दमून आली तरी आधी घरच्यांचं बघते. आवाज चढवून बोलली नाही कधी. ती गेली की ते घर कसं चालेल, देव जाणे. बोलता बोलता माझाच आवाज फुटला, तर त्यानं कप खाली ठेवला. फडकं पिळलं, दोनदा पिळलं, आणि म्हणाला, ‘मंग हितं नका दिऊ म्हणावं मालकाला.’

म्हटलं, का?

‘थोरली सून हुती की. शाळंवर मास्तरीन. म्हैन्याभरात नोकरी सोडाया लावली, मंग मोबाईल काढून घेतला, मंग माहेरी जायाचं बंद. आठ म्हैने काढले लेकरानं. आता समद्यांला सांगत्यात, बाळंतपणाला गेलीय. कसलं बाळंतपण? मीच सोडून आलोय तिला जीपमधी. सारी वाट रडली न्हाई. घर जवळ आलं तवा म्हणली, काका, जीप जरा हळू घ्या... घरी काय सांगायचं ते अजून ठरलं न्हाई माझं.’

तुम्हाला सांगतो, मैदानावर पोरं पडतात, हात मोडतात, मी कधी डगमगलो नाही. पण तिथं त्या घरचा चहा मला पुढं पिववेना, बादलीशेजारी मातीत ओतून दिला. ती माझी कोण होती? कुणी नाही. पण मला सारखी त्या जीपमध्ये दयाच दिसायला लागली. रामहरी म्हणाला, ‘माझं नाव घिऊ नका, पोटावर पाय यील.’ म्हटलं, काका, मुंडकं गेलं तरी घेणार नाही.

आणि उठलो! तसाच, त्याच शर्टात, थेट बैठकीत! दानीएलभाऊ शाल पांघरून तारखेवर आले होते. मुलाचे वडील मला बघून म्हणाले, ‘काय ड्रायव्हर, घाई झाली का?’ एस्तेर उठलीच, ‘अहो, हे ड्रायव्हर नाहीत, हे...’ मी म्हटलं, ‘दयाचा बाप मी.’ सगळे माझ्याकडं बघतायत, मग दानीएलभाऊंकडं, मग शालीकडं! भिंतीवर थोरल्या मुलाच्या लग्नाचा फोटो होता. मी म्हटलं, ‘ह्या सूनबाई कुठं दिसत नाहीत?’ वडील म्हणाले, ‘बाळंतपणाला गेलीय.’ म्हटलं, ‘वा! मग जाता जाता भेटूनच जातो, आमची दया सिस्टर आहे, तिला फोनवर काही विचारायचं असलं तर विचारतील. माहेर कुठलं त्यांचं?’

मुलाच्या आईनं पदर सावरला, वडिलांनी बशी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली... अहो, साधं गावाचं नाव विचारलं होतं मी! आणि एस्तेरला कळलं. बायकांना कळतं. तिनं पर्स उचलली. दानीएलभाऊंना मात्र काहीच कळलं नाही, ते शाल काढून घडी घालायला लागले.

येताना एस्तेर पुढं बसली. साडी चुरगळते की नाही, एक शब्द नाही. बंधारा आला, मी शिट्टी तोंडात धरली, तर म्हणाली, ‘राहू द्या. घासली तर घासू द्या.’ घासली. घोडेगावपर्यंत ती डोळे पुसत होती. घरी दयाला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, आणि आधी काय विचारलं? ‘पप्पा, त्या वहिनीचा नंबर कुणाकडून मिळवता येईल का?’ अशी पोर आहे ती.

आता तुम्हाला वाटेल, झालं, माझा मान वाढला असेल! वाढला ना, लई वाढला. एस्तेरनं चर्चच्या मंडळीत सगळ्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी उपासना सुटली, मी बाहेर आलो, तर गाडीशी तीन कुटुंबं उभी. गोरक्षनाथ म्हणून आमच्या शाळेतला क्लार्क, तो तर दुसऱ्या धर्माचा, तोही रांगेत! ‘सर, आमच्या ज्ञानेश्वरीला राहुरीचं स्थळ आलंय. तुम्ही चला ना... ड्रायव्हर म्हणून. आम्ही आत बसतो, तुम्ही गोठ्याकडं बसा. खरं काय ते बाहेरच कळतं.’ म्हटलं, मी गाडी विकतोय! तर एस्तेर म्हणाली, ‘विकायची नाही. ह्या गाडीशिवाय तुम्हाला ड्रायव्हर कोण म्हणणार?’ दानीएलभाऊंनी तर वहीच घातलीय. शनिवार राहुरी, रविवारी उपासनेनंतर पाथर्डी, आणि मागं बसायला स्वतः, मुलीचे काका म्हणून! सगळ्या पोरींचे काका! गाडी मोठी आहे, मंडळी, त्यात आता सगळा जिल्हा बसतोय, फक्त मी सोडून.

करणार काय, जातो. पोरी काय, सगळ्या सारख्याच. काल एस्तेर कापडबाजारात जाऊन माझ्यासाठी पांढरा शर्ट आणि पांढरी पँट शिवून घेऊन आली, खिशावर बटन लावलेली, ड्रायव्हर लोकांची असते तशी. म्हणाली, घालून बघा. घातली. आणि तुम्हाला सांगतो, एकोणतीस वर्षं संसार झाला, तिनं माझ्यासाठी डझनावारी शर्ट आणले... पहिल्यांदा एक मापात बसला!