बाण दाखवते ते घर

नाही नाही, गफ्फारभाई, खराब नाहीच ते. मले माईत हाये खराब नाही. खराब हाये असं ह्यायचं म्हणणं हाये — तुमच्या दोस्ताचं. बदलून आणू म्हणे मशीन, ताडपत्री बी घ्यायची हाये, चाल म्हणे शेलूबाजारले. आता ते गेले ताडपत्री पाहाले, तेवढ्यात तुमी माहं एक काम करा. चालू करा हे आन् मले सांगा, याच्यातलं घर बदलवलं कोणं. बस. बाकी मले काही नाही पाह्यजे. — दुकानात नाही पकडत? माईत हाये, वर आभाळ लागते त्याले. आमच्या घरी बी टिनाखाली मुकं होते. मंग तुमी बाहेर ओट्यावर या ना, चाला, मी बी येते. गिऱ्हाईक थांबन. मी बी गिऱ्हाईकच हाये.

तुमाले आठवते ना, ह्यायनं तुमच्याचपासून नेलं होतं हे? होळीच्या अगोदर मामाजी हरपले होते तवा. — माहे सासरे, रामराव, अजून कोण! वावरात जातो म्हणून निघाले आन् दिवस बुडता बुडता मंगरूळपीरच्या रस्त्याले एका विहिरीवर बसलेले सापडले. लोकायले म्हणत होते, माहं गाव कोणतं तेवढं सांगा, तिथून मी जातो. सारं गाव फिरून राह्यलं होतं त्यायच्यामागं. मी चुलीवरची भाकर तशीच टाकून धावली होती, गफ्फारभाई, खोटं नाही सांगत. तवा तुमीच म्हणाले ना ह्यायले, का मोबाइल त्या माणसाले जमत नाही, टेकडीच्या मागं रेंज नाही, हे सर्वेवाल्यायचं मशीन घेऊन जा, दोन सेल टाकले का झालं, बोटानं दाबायची बटनं हायेत, घराचं चित्र दाबलं का बाण घराकडं दाखवते. ह्यायनं आंगनात उभं राहून घर भरलं त्याच्यात. मामाजी बाजूले उभे राहून पाहून राह्यले होते. गळ्यात अडकवून देल्लं. उभं राह्यलं का बाण गरगर फिरते, दोन पावलं चाललं का सुदा होते — हे त्यायले ह्यायच्याअगोदर समजलं. मले हसू आलं होतं तवा. मी म्हणलं, बरं झालं बाई, एक काळजी गेली.

कुठची जाते! उन्हाळाभर बरोबर चाललं. नाल्यापर्यंत जाय, वापस ये. मंग एक दिवस निकिताताईचा फोन — वहिनी, बाबा आले पाहा माह्याकडं, मशीननं आणलं म्हणते. निकिताताई म्हणजे ह्यायची लहान बहीण, टेकडीच्या पल्याड देली हाये. दोन कोस! मामाजी काट्यातून, नाल्यातून, बाण दाखवते तसे सरळ गेले असं सांगते. आमी सारे हसलो. ह्यायनं गाडीवर बसवून आणलं. पुन्हा चार दिवसानं तेच. पुन्हा आणलं. पुन्हा तेच. मामाजीले इचारलं तर मशीन पुढं करते. मी काय करू, बाण तिकडं दाखवते. निकिताताईले इचारलं तर ते बी तेच. ह्यायले इचारलं तर तेच. आता पोळ्यापासून तिकडंच हायेत. सोयाबीन काढणीवर आलं तरी तिकडंच. आन् आमच्या घरात तीन माणसं मशीनले शिव्या देते, पण मले सांगा, मशीनले काय पडलं हो निकिताताईच्या घराचं?

तुमच्यात कसं असते माईत नाही — सारखंच? मंग तर तुमाले सांगाची गरजच नाही. बाप लेकीच्या घरी दोन दिवस पाहुणा. पोरगा जिवंत असताना, घर असताना, वावर असताना बाप लेकीच्या घरी राहते म्हणजे लोक काय समजते? चक्कीवर गेली का बाया मुद्दाम इचारते, काहो, सासरे दिसत नाही? काय सांगू? मशीननं नेले? सांगतलं मी एकदा. सारी चक्की हसली. एक जण म्हणे, माह्या सासूसाठी बी आण तसं मशीन. ह्यायले तर पारावर बसायची सोय नाही राह्यली. न बोलणारा माणूस, पण रात्रभर कूस बदलते, मले दिसते ना.

मी काय कमी केलं होतं, सांगा. काडी उचलू देली नाही त्या माणसाले. विळा लपवून ठेवला, बोट कापून घेतलं तर? म्हशीजवळ जाऊ नका, लाथ मारन. चुलीजवळ बसू नका. आंघोळीचं पाणी मी काढून देणार, धोतर मी देणार, भाकर कुस्करून मी देणार. सदऱ्याच्या कॉलरवर आतून ह्यायचा मोबाइल नंबर काढला हाये मी, लाल दोऱ्यानं, सगळ्या सदऱ्यायवर. पाहुणे आले तर मीच सांगून देते, यायले नका इचारू, यायले आता समजत नाही. — त्यायच्यासमोर म्हणजे? त्यायच्यासमोरच ना, ते तिथं बसलेले असते तर कुठं जाऊन सांगू? त्यायले वाईट वाटायले समजलं तर पाह्यजे. आन् फाटकाले बाहेरून कडी. हो, लावत होती. मी वावरात गेली, हे गेले, मागं कोण पाहीन? बाहेरून कडी लावली का जीव थाऱ्यावर राह्यते माणसाचा. तुमी बी लावसान. मशीन आल्यावर बी लावत होती काय? — दुपारून. दुपारून लावत होती. सकाळी जात होते ना ते फिरायले मोकळे. ऊन असते दुपारून.

मी आणायले गेलती त्यायले, दसऱ्याच्या अगोदर. ह्यायले नाही सांगतलं, जीपनं गेली. निकिताताईच्या आंगनात पाय ठेवला तर काय पाह्यते — मामाजी विळे धार लावून राह्यले. समोर विळ्यायचा ढीग! मजुरायचे विळे! आन् जावयाले बोलून राह्यले, का गोऱ्ह्याले अशी गाठ मारते काय, रात्रीतून फास बसन त्याले, सोड आन् पुन्हा बांध. जावई सोडून पुन्हा बांधून राह्यला. आमच्या घरी त्या माणसानं सहा महिन्यात एक वाक्य पुरं केलं नाही, गफ्फारभाई. पुरं करायचं कामच नाही पडत, मले समजते ना अगोदरच त्यायले काय पाह्यजे. तिथं मात्र सपासप. मले पाह्यलं तसा विळा खाली ठेवला. कोणं सांगतलं नाही ठेवा म्हणून, मी तर काही बोललीच नाही, नुसती फाटकात उभी होती. — मशीन खांबाले लटकवलेलं. मले म्हणते, घेऊन जा पोरी ते, खराब हाये, तिकडचं घर दाखवतच नाही. आन् हात थरथरून राह्यला होता त्यायचा. मी मशीन उचललं आन् चहा न घेता आली. निकिताताई म्हणे, वहिनी बसा तरी. मी म्हणलं, मले इथं बसवायले तू अजून एक मशीन घे.

तिनंच केलं हाये हे. मी लिहून देते. बापाची सेवा मी करते, भाऊ-वहिनी बेकार — गावभर नाव करून घ्यायचं हाये. म्हणून म्हणते, दाबा ते बटन आन् सांगा. आज ह्यायच्यासमोर दूध का दूध होऊन जाऊ द्या. सापडलं काय आभाळ? — हो, हेच ते चित्र. बरं. — नाव नाही सांगत ते कोणं बदलवलं ते? मंग काय कामाचं? एवढे उपग्रह का काय वर फिरून राह्यले म्हणते आन् येवढं नाही सांगू शकत? — बरं, बदलवाले काय लागते? त्या जागेवर उभं राहाव लागते. मंग? हे दाबाव लागते. मंग? — ते इचारते? काय इचारते? घर इथं ठेवू काय, हो का नाही. आन् हो म्हणलं का? अजून एकदा. दोनदा इचारते ते! म्हणजे गळ्यात लटकता लटकता चुकून दाबल्या गेलं असं होतच नाही. पाहा! पाहा! मी काय म्हणत होती? निकिताताईच. इंग्रजीत इचारते ना ते? मामाजीले इंग्रजी येत नाही. त्यायले सकाळी काय जेवले ते आठवत नाही, ते कुठी दोन-दोनदा —

तुमी खाली काहून पाहून राह्यले?

गफ्फारभाई. बोला ना. — कोण आलतं? इथं? कवा? बैलबाजाराच्या दिवशी? एकटे? जीपनं? आन् वापस? बरोबर गेले? — सेल घ्यायले. सेल तर ह्यायनं भरून देल्ले होते डब्बाभर. आन् मंग? तुमाले काय इचारलं त्यायनं? — मशीनले सांगता येते काय, का हे घर नाही, ते घर. — आन् तुमी शिकवलं. इथंच? याच ओट्यावर? आन् त्यायनं लेकीच्या आंगनात उभं राहून दाबलं. वा. वा गफ्फारभाई. ह्यायचे दोस्त ना तुमी? एका ताटात जेवले हा तुमी. म्हाताऱ्याले शिकवता, आन् पोराले एक फोन नाही करत! माहं घर तुमी इथं बसून दोन बटनानं उचललं आन् टेकडीपल्याड नेऊन ठेवलं, आन् मी दोन महिन्यापासून नणंदेले शिव्या देऊन राह्यली! — नाही, मी हळूच बोलून राह्यली. ऐकू द्या लोकायले. कसम कायची घालतली त्यायनं तुमाले? काय म्हणाले ते? नाही, आता सांगाच. आता लाजू नका.

हो.

हो, लावत होती मी. कडीचं बोलले ते? — हसत? हसत बोलले? म्हणे सून बाहेरून कडी लावते आन् मी आतून हंबरत नाही, येवढंच बाकी हाये. — असं म्हणाले. त्यायले गमती सुचते अजून? मले नव्हतं माईत. — अजून? — योगिनी वाईट नाही म्हणाले. जीव लावते म्हणाले. असं म्हणाले? माह्या नावानं? मले तर पोरी म्हणते नेहमी. — पण काय? — काही करू देत नाही. माणूस बसून बसून मरते म्हणाले.

बरं. आन् मशीन कायले मंग? तोंड होतं ना, सांगाव होतं पोराले का मले लेकीकडं राहाचं हाये. — काय? पुन्हा सांगा. लेकीकडं राहतो असं बाप म्हणाला का पोराची, हरीओमची मान गावात खाली जाते, आन् सुनेले बोल लागते. मशीन म्हणलं का कोणाचंच नाव येत नाही. मशीनले कोण बोल लावते.

असं म्हणाले.

नाही, पाणी नको. ठीक हाये मी. उनाचं होते. — थरथरून राह्यला होता हो हात, माह्यासमोर. खोटं बोलायची सवय नाही ना त्या माणसाले. मले वाटलं म्हातारपणाचा हाये.

बंद करा ते. बंद करा, पहिले. नाही, आमचं घर भरू नका त्याच्यात पुन्हा, आंगनात बी नाही नेत मी ते. तिकडून हे ताडपत्री घेऊन येऊन राह्यले, ऐका, काही बोलू नका तुमी, मी बोलते —

आले काय? घेतली ताडपत्री? बरी हाये, जाड हाये. — हो, पाह्यलं गफ्फारभाईनं. तुमी म्हणत होते तेच हाये. बिघडलं हाये आतून. खोलून पाह्यलं त्यायनं, दुरुस्त होत नाही म्हणते. निकिताताईचा काही हात नाही याच्यात, उगाच बोलली मी तिले. नाही का हो, गफ्फारभाई? — पाहा, मान हलवून राह्यले. — दुसरं? दुसरं नको. नाही, मी म्हणते ना नको. त्यायले याचीच सवय हाये, बिघडलेलं असलं तरी हेच नेऊन देऊ तिकडं, जाता जाता. आन् तो मोठा विळा, मी लपवून ठेवलेला, धार गेलेला, तो बी घरून घेऊ गाडीवर. — असे काय पाह्यता माह्याकडं? चाला ना.