स.न.वि.वि. आणि चिकूची पेटी

मी डहाणूजवळच्या कैनाडची. बाप दुसऱ्यांच्या वाडीत राबायचा, आई मिरच्या तोडायला जायची, मी दहावीनंतर डहाणूत टायपिंग शिकले आणि नवरा गेल्यावर मशीन घेऊन कोर्टाबाहेर बदामाखाली बसले, ती बसलेच. लोकांचे अर्ज करून देते. मराठी, गुजराती, वारली, ज्याची जी असेल तीत ऐकते, कागदावर मात्र कोर्टाची मराठी.

आता काय सांगू तुम्हाला, न्यायाधीशाला लिहायचं कसं एवढं साधं शिकलेल्यांना येत नाय. नाव घालायचं नाय, फक्त हुद्दा. मे. दिवाणी न्यायाधीश साहेब, डहाणू, यांचे कोर्टात. खाली दाव्याचा नंबर, कोण विरुद्ध कोण, मग विनंती काय ती. संपलं. लखमीचा अर्ज असाच होता, पाच ओळी आणि खाली अंगठा.

लखमी रानशेतची, मजुरी करते. तिच्या घराची वाट एका बड्या बागायतदाराच्या चिकूवाडीतून जाते. पालघर जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या साली त्याने तार ठोकून वाट बंद केली, आणि ही डोक्यावर हंडा घेऊन ओढ्यातून फिरून यायला लागली. सरकारी मदतीतून वकील मिळाला, दावा लागला. त्या बागायतदार शेठने कोर्टात लिहून दिलं, इथे वाट कधी नव्हतीच.

मग एक दिवस शेठ स्वतः माझ्यापुढे, कडक इस्त्री, अंगाला अत्तर. म्हणे जज्जसाहेबांना पत्र करायचंय, वकिलाला कळू द्यायचं नाय. आणि सांगायला लागला, श्रीयुत अमुक तमुक, पूर्ण नाव, बंगल्याचा पत्ता, स.न.वि.वि. मी म्हटलं शेठ, दावा चालू असताना न्यायाधीशाला घरी पत्र नाय पाठवत. तर म्हणतो कसा, पहिल्या तोडीची पेटी आणि सोबत चिठ्ठी, आम्ही मामलेदारापासून सगळ्यांना पाठवतो, आमची रीत आहे, तू टाइप कर, अक्कल नको शिकवू. बरं म्हटलं.

मग मोठेपणाचं पाल्हाळ, आमचं घराणं असं, आमचे आजोबा तसे, आणि त्यातच म्हणाला, लिही, त्या बाईच्या सासऱ्याच्या वेळेपासून माणसं या वाटेने जातात, आम्ही मोठ्या मनाने कधी हटकलं नाय. माझी बोटं थांबली. कोर्टात म्हणे वाट नव्हतीच, आणि इथे सासऱ्याच्या वेळेपासून. मी बोलले असते तर खोडलं असतं त्याने. नाय बोलले. अक्कल नको म्हणाला होता ना.

पेटी बंगल्याच्या फाटकातूनच परत आली. पत्र मात्र साहेबांनी दाव्याच्या कागदांत लावायला सांगितलं, एक प्रत लखमीच्या वकिलाला. पुढच्या तारखेला त्याने ते भर कोर्टात वाचलं, स.न.वि.वि.पासून आपला स्नेहाभिलाषीपर्यंत, आणि शेठ खाली बघत बसला. वर्ष गेलं, पण तार निघाली.

शेठ अजून सांगत फिरतो, बाईने टायपिंग चुकवलं म्हणून. एवढा मोठा माणूस, पण लाज नाय. माझी मात्रासुद्धा इकडची तिकडे होत नाय हो. लखमी बाजाराला आली की माझ्याजवळ टेकते, सांगते, वाडीतूनच जाते, शेठ दिसला तर तोंड फिरवतो. देव तिला सुखात ठेवो. शेठलाही ठेवो बापडा, त्याने त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर लखमी अजून ओढ्यातूनच येत असती.