नारळाचं भाडं

शाहूपुरीतल्या मंडळींनो, इब्राहिमभाईंच्या या गॅरेजमध्ये आपण सतरंजीवर बसलोय आणि ते नाहीत. बोलायला उठले खरी, पण मनात दुःख आहे. त्यापेक्षा जास्त संताप आहे. मेलेल्या माणसाच्या सभेत रागावू नये म्हणतात. मग कुठं रागवावं?

ही मागची काळी गाडी संस्थानी काळातली. भंगारातून उचलून त्यांनी ती उभी केली. आपल्या गल्लीतली प्रत्येक पोर सासरी गेली ती याच गाडीतून. हिंदूची असो, मुसलमानाची असो. घ्यायचे काय? एक नारळ. तोही पोरीच्याच ओटीत परत घालायचे.

आणि हा भला माणूस गाडीची नोंदणी वाढवायला गेला, तेव्हा परिवहन कचेरीत साहेबाला हे सगळं खरं सांगून आला!

मी शेजारीच होते. साहेब म्हणाला, "चाचा, नारळ घेता म्हंजे भाडंच की!"

"न्हाय साहेब, परत देतोय की."

"परत देताय म्हंजे आधी घेताय!"

झालं. गाडी भाड्याची ठरली. भाड्याच्या गाडीला परवाना हवा, आणि इतक्या जुन्या गाडीला परवाना नाही. विमावाल्यांनी हात वर केले. विमा नाही म्हणून कर भरून घेईनात. कर नाही म्हणून नोंदणी अडली. मी इंग्रजीत अर्ज लिहिला. जुनी गाडी आहे, जपलेली आहे, वर्षातून चार-दोनदा निघते, जुनी म्हणूनच नोंदवा. साहेब म्हणाला, "बाई, कायद्यात गाडी एकतर चालती, न्हाईतर भंगार. मधलं काय न्हाय."

मी म्हटलं, "मग तुमची कचेरी कशात मोडते?"

तो हसला. काम झालं नाही.

इब्राहिमभाईंना एकच हवं होतं. धाकट्या लेकीला, जुबेदाला, आपल्या हातानं त्या गाडीतून सासरी पोचवायचं. दुसऱ्यांच्या किती पोरी पोचवल्या त्यांनी! जुबेदा गेली टॅक्सीतून. "अशीच काढा की गाडी, कोण बघतंय?" असं आपल्यातलेच म्हणाले. ते म्हणाले, "पोरीच्या वाटंला चोरी नको." टॅक्सी वळणाआड गेली, तरी ते रस्त्यातच उभे होते. त्यानंतर त्यांनी या गाडीचं दार उघडलं नाही. हातात पाना धरला नाही. डॉक्टर ताप म्हणाले. म्हणू देत.

परवा मी पुन्हा कचेरीत गेले. मला सांगितलं, मालक वारला, आता वारसांनी नव्यानं अर्ज करावा. नव्यानं! खैरूनभाभी, तुमचा नवरा गेला, तुम्हाला मी काय सांगू? न्याय मिळेल असं सांगायची माझी जीभ उचलत नाही. मला तसं वाटतच नाही.

मंडळी, या माणसाला कचेरीच्या खिडक्यांपुढं फार उभं केलं. आज त्यांच्यासाठी आपण उभं राहू या. दोन मिनिटं. कुणी काही बोलू नका.