निवट्याचा चौथा अंक

नाही हो, असं नका करू, ती बॅग ठेवा खाली आधी. पुण्याहून पनवेलला आलात आणि दहा मिनिटांत 'सॉरी काकू, ही प्रत खोटी आहे' म्हणून निघालात पण? खोटी! आणि हळू बोला, शार्दूल, आतल्या खोलीचं दार नीट लागत नाही आणि दादा जागा आहे. झटक्याने उजवी बाजू गेली त्याची, कान नाही गेले. बसा. त्या तुमच्या भिंगातून पुन्हा एकदा बघा. कागद बघा, केवढा पिवळा पडलाय — हो, चहाच्या पाण्यात बुडवूनही पडतो, वाचलंय मी ते, तुमच्या ग्रुपवर त्या प्रितेशने लिहिलं होतं. फार हुशार मुलगा. जन्मला तरी होता का तो, दादाने हा अंक काढला तेव्हा? त्र्याण्णव साल. कव्हरवरच आहे, किंमत तीन रुपये. एसटी स्टँडसमोर झेरॉक्सवाला होता, त्याच्याकडून दोनशे प्रती काढल्या आणि मी आणि दादा इथे, ह्याच लादीवर बसून स्टेपल मारत होतो. माझ्या अंगठ्यात एक पिन घुसली होती. रक्त लागलेली प्रत कुठे असेल तर ती नक्की खरी बघा, तशी चाचणी नाही का तुमच्या ग्रुपची?

चिडू नका. मीच चिडले. आठ दिवस नीट झोप नाही मला, त्यामुळे तोंड असं सुटतं. तुम्ही चांगले आहात, तुम्हाला निवट्याच्या चित्रकथेचे सहाही अंक पाठ आहेत. आमच्या नात्यातल्या एकालाही धड माहीत नव्हतं की अंकावरचा कमलाकर म्हणजे आमचा दादा, दिवसा केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि संध्याकाळी खाडीतल्या निवट्याची चित्रं काढतो. मासा असून चिखलावर चालणारा निवटा, नाव निवट्या, हातात अर्ज घेऊन ऑफिसातून ऑफिसात फिरतोय — माझा चिखल कुठे गेला, तो परत द्या. कुठला प्रकाशक छापणार होता हे? दोघांनी तर वाचून परत पाठवलं होतं, की माशाचं पुस्तक लहान मुलांचं असेल तर ऑफिसं काढा आणि मोठ्यांचं असेल तर मासा काढा. म्हणून मग आपलं आपणच. सहा अंक. नंतर बंद.

आणि तुम्ही एवढी माणसं मोबाइलवर जमून ते जुने अंक शोधता, जपता, त्यावर भांडता, त्याचा किती आनंद होता दादाला, तुम्हाला कल्पना नाही. झटक्यानंतर त्याच्याकडे दुसरं होतं काय? मिताली, व्यायाम करून घ्यायला रोडपालीहून येते ती, तिला त्याने ही चौथ्या अंकाची प्रत दिली, हौसेने, जुनीच सही होती वर. तिनं बिचारीने कौतुकाने फोटो टाकला ग्रुपवर. आणि तुम्ही काय केलंत? 'रेषा कच्ची आहे.' 'कुणा नवशिक्याने नक्कल केली आहे.' 'सहीसुद्धा संशयास्पद.' आणि कुणीतरी वर लिहिलं, खरा चित्रकार असेल तर व्हिडिओवर सही करून दाखवा म्हणावं. हे त्याने वाचलं, शार्दूल. डाव्या हाताने मोबाइल धरून स्वतः वाचलं. तेव्हापासून उजव्या हातात पेन बांधून घेतो माझ्याकडून, रबरबँडने, आणि सही करत बसतो. दोनशे पानी वही भरली, एकसुद्धा 'क' उठला नाही. काल जेवलाच नाही. मितालीला म्हणाला, उद्यापासून येऊ नका. मला म्हणाला — कसंबसं बोलतो तो आता — म्हणाला, 'अरू, ते म्हणतात ते खरं असेल. मी नसेन काढलं.' स्वतःच काढलेलं! मी काय करू सांगा. मला काही सुचत नाही. म्हणून तुम्हाला फोन केला, तुम्ही ग्रुपचे प्रमुख, तुम्ही दोन ओळी लिहा की प्रत अस्सल आहे, मी डोळ्यांनी पाहून आलो. तेवढंच. तेवढंच हवंय मला.

कोपरे. हो, माहीत आहे, कोपरे. तुमचे सगळे कोपऱ्यावर अडलेत. ज्या प्रतींमध्ये चौकटीच्या कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना जराशा ओलांडून पुढे जातात त्या मूळ, आणि ज्यांच्यात नुसत्याच भिडतात, किंवा भिडतही नाहीत, त्या नकला. आणि दादाच्या प्रतीत भिडतही नाहीत. बरोबर. पण हे ठरवलं कोणी? नाही, विचारते हो मी, ठरवलं कोणी? खाडीकाठ नावाचे जुने सभासद आहेत ना तुमचे, कधी आवाज नाही, फोटो नाही, फक्त लिहितात, ज्यांना तुम्ही सर म्हणता. त्यांनी लिहिलं, कोपरा ओलांडतो तोच खरा हात, आणि तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकलीत. त्यांनी मागच्या गुरुवारी परत लिहिलं की माझं चुकलं, उलट आहे सगळं — तेव्हा? तेव्हा म्हणालात, सरांचा फोन दुसऱ्या कोणाच्या हातात आहे. एकदा ठरवलं की तुमचा खाडीकाठ सुद्धा खोटा!

मला कसं माहीत म्हणजे? ग्रुपवर... मिताली दाखवते ना. नाही. नाही, मितालीला कशाला मध्ये आणू. मीच आहे ते. सर वगैरे कोणी नाही, मी आहे, अरुंधती, आर्किटेक्टच्या ऑफिसात सव्वीस वर्षं ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद ठेवून दुसऱ्याने काढलेली रेघ आपण पुन्हा काढायची. कॉम्प्युटर आले आणि आम्ही घरी आलो. आणि आम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवतात माहीत आहे? कोपऱ्यात रेघ थांबवू नका, किंचित पुढे जाऊ द्या, म्हणजे कोपरा पक्का दिसतो. हाताला लागलेली सवय, सुटत नाही.

असे बघू नका माझ्याकडे. पाणी देऊ? बरं. दोन हजार पाचच्या जुलैमध्ये गाढी नदीचं पाणी इथपर्यंत आलं होतं, ह्या खिडकीपर्यंत. दादाची सगळी मूळ चित्रं पलंगाखालच्या ट्रंकेत होती. काळ्या शाईचा लगदा झाला, मी दादाला कळू दिलं नाही. दादा तेव्हा मुंबईला हॉस्पिटलात, काविळीने, वाचेल की नाही अशी गत. परत आला आणि चार महिन्यांनी कॉलेजची मुलं आली, निवट्या पुन्हा हवाय म्हणून. दादाला इतका आनंद! 'अरू, ट्रंकेतली चित्रं दे त्यांना.' कसं सांगू मी? म्हटलं, मीच झेरॉक्स करून देते. वरच्या कपाटात प्रत्येक अंकाची एकेक प्रत वाचली होती, ओली, पण वाचली होती. ती इस्त्रीने सुकवली आणि काचेवर ठेवून सगळं परत काढलं. सहा अंक, सहा महिने, दादा कामावर गेला की. साल तेच काढलं, किंमत तीच काढली, दुसरी आवृत्ती वगैरे काही लिहिलं नाही — ट्रेसर जे दिसतं ते काढतो, आपलं काही घालत नाही. तीनशे प्रती गेल्या. तुम्ही लोकांनी जपून ठेवल्यात त्या ह्याच. जुन्या दोनशेतल्या वाण्याकडे गेल्या, पावसात गेल्या, चार-दोन उरल्या. त्यातली ही एक, दादाच्या कंपनीतल्या कपाटात राहिलेली, मला तेव्हा ठाऊकच नव्हती.

आपलं काही घालत नाही असं म्हटलं ना मी. ते पूर्ण खरं नाही. चौथ्या अंकात शेवटच्या पानावरची एक चौकट पार धुऊन गेली होती. काय होतं तिथे मला आठवेना आणि दादाला विचारता येईना. मग मी काढली. शेवटची एसटी गेलीय, स्टँड रिकामा, आणि निवट्या बाकावर अर्ज मांडीवर घेऊन बसलाय. हो, तीच. तुमच्या मोबाइलवर आहे ती, आल्याबरोबर पाहिली मी. टी-शर्ट काढलेत तुम्ही लोकांनी तिचे. दादाच्या ह्या प्रतीत ती नाही, बघा, इथे निवट्या साहेबाच्या टेबलावर उडी मारतोय. म्हणून तर प्रितेश म्हणाला, नक्कल करणाऱ्याला शेवट कळलेला नाही. दादाला! शेवट! कळलेला नाही!

आणि खाडीकाठ का झाले? नका विचारू. बरं, विचारलंत तर — कोणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं की ही ओलांडणारी रेघ बघून अंगावर काटा येतो. आयुष्यात माझ्या रेघेला कोणी काही म्हणालं नव्हतं, शार्दूल. मला राहवलं नाही. लिहिलं, हाच खरा हात. मला काय माहीत की पुढे ह्याचीच पट्टी करून माझ्या भावाला मोजाल? त्याच्या अंगावर मीच घातलं हे. मीच.

त्याला कळलं होतं का तेव्हा? रोज विचारते मी स्वतःला. प्रती आल्या तेव्हा पानं उलटली, शेवटच्या चौकटीवर बराच वेळ थांबला. म्हणाला, 'झेरॉक्स फार स्वच्छ आलंय.' आणि त्यानंतर चित्रासाठी पेन धरलं नाही कधी. कामाचा ताण होता, हेही खरं. असेल.

तर आता लिहा. काढा मोबाइल, मी सांगते. कोपरा ओलांडणाऱ्या सगळ्या प्रती नकली. नंतर कुणीतरी काढल्या. नाव? नाव नको. माझं नाव आलं तर त्याला काय उरलं? तुम्हाला जी चौकट आवडते ती त्याची नाही, हे कोण सांगणार त्याला? तुम्ही? खोटं कुठे सांगतेय मी, नकलाच आहेत त्या. अज्ञात माणसाने, लिहा. हं. लिहिलंत? टाकलंत? दाखवा. देव तुमचं भलं करो हो.

हे काय? ही तुमची प्रत. माझी कशाला सही? अहो नाही, आत्ताच नकली ठरवलीत ना ती. नको म्हणते मी, पेन ठेवा. — किती जपलीय पण. कव्हर घातलंय. ह्या चौकटीखाली करायची का? इथे? थांबा, टोपण काढते —

आले रे दादा! कोणी नाही, मीटर बघायला आलेत. हो, निघालेच ते. — घ्या, घ्या ही प्रत, नाही केली सही, घ्या आणि निघा तुम्ही. चहा राहिला, पुढच्या वेळी. अहो, तिकडे नाही, ती दादाची खोली. बाहेरचं दार इकडे आहे. शार्दूल, तिकडे नाही —