डुगडुगतं स्टूल आणि माझी नोकरी

...नाही, पण पोरांनी दादाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, नापास करायचं, हे कुठल्या शाळेत बसतं, तुम्हीच सांगा! आमच्या कोथरूडच्या शाळेत बसतं! तास नाहीत, परीक्षा नाही, ज्याला जे शिकायचं ते त्यानं शिकावं, इथवर मला पटतंच हो. मी स्वतः नववीतून बाहेर पडलेला, सुतारकाम शिकलो आणि इथली कार्यशाळा सांभाळतो, मी कशाला नाही म्हणू? पण दर मार्चमध्ये सभा भरते, आणि कुठला दादा, कुठली ताई पुढच्या वर्षी राहणार ते मतदानानं ठरतं. सहा वर्षांच्या पोराला एक मत, शाळा काढणाऱ्या दीपालीताईंनाही एकच. सभा म्हणजे सभा!

तुम्हाला सांगतो, माझं नाव आलं आणि म्हटलं, गेली नोकरी. अहो, दुसरीकडे कुठंही गेलं की आधी दहावीची मार्कशीट मागतात! इथं पहिल्यांदाच कोणी मागितली नव्हती... आणि अध्यक्ष कोण, तर मुक्ताई. वय वर्षं नऊ.

"सुखदेवदादाबद्दल कोणाची तक्रार?"

उत्कर्षा उठली. "मी स्टूल केलं होतं. ते डुगडुगत होतं. सकाळी आले तर डुगडुगत नव्हतं." एवढं बोलून बसली!

आता एक पाय मीच जरा तासला होता... पोरगी पडेल म्हणून हो! म्हटलं, "अगं, पण मी तर..."

"दादा, आधी हात वर."

केला.

"तिनं तुला बोलावलं होतं?"

"नाही, पण..."

"मग कशाला गेलास?"

दीपालीताईंकडे पाहिलं, तर त्या म्हणतात, "मला एकच मत आहे, सुखदेव." सभा म्हणजे सभा!

तेवढ्यात पुष्कर उठला, माझा लाडका! "दादा चांगलाय," म्हणाला. हुश्श करतोय तोवर, "पण त्याला राहवत नाही. माझे वाकडे खिळेसुद्धा त्यानं काढून सरळ ठोकले." घ्या!

मग मतदान. मी मान खाली. मुक्ताई मोजतेय, चुकतेय, पुन्हा मोजतेय...

"बरोबरी. दादा, तू मत दिलं नाहीस."

"मला पण आहे?"

"सगळ्यांना आहे."

अहो, शाळेत कधी उत्तर द्यायला हात वर केला नाही मी, आणि आता स्वतःसाठी करायचा? खांद्यापर्यंत गेला कसाबसा. उत्कर्षा म्हणते, "नीट वर कर, दिसत नाही."

केला! राहिलो! एका मतानं, माझ्याच! पण अट घातली: वर्षभर कोणी विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. सभा म्हणजे सभा!

आता रोज कार्यशाळेत हात मांडीखाली दाबून बसतो. समोर उत्कर्षा टेबल करतेय, चार पाय, चारही वेगळ्या उंचीचे... विचारतंय कोण?

शाळा सोडली तेव्हा सर म्हणाले होते, तुझ्या हातून काही होणार नाही. ते बिचारे नुसतं म्हणाले. यांनी ठराव केलाय.