चोवीस नंबरच्या दोन नळ्या

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आमच्या प्रसूती विभागाच्या प्रमुख मॅडम, व्यासपीठावरचे अधीक्षक साहेब, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले बाईंचे यजमान आणि लेक, सर्व सिस्टर, प्रयोगशाळेतले सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या बाई,

समोर आपण यांना बाई म्हणतो आणि पाठीमागे 'कुलूप'. अधीक्षक साहेब, हसू नका, हे नाव तुमच्याच खोलीत पडलं. नमुने ठेवायच्या फ्रीझरची किल्ली बत्तीस वर्षं यांच्या गळ्यात आहे. मधले अकरा दिवस सोडून. त्या अकरा दिवसांबद्दल बोलायला मी आज मुद्दाम वेळ मागून घेतली आहे.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही एक अभ्यास हाती घेतला. गरोदर बाईचं पोट वाढतं, हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? पण तिच्या आतड्यात वस्ती करून राहिलेल्या कोट्यवधी सूक्ष्मजीवांचं त्या नऊ महिन्यांत काय होतं, ते आम्हाला पाहायचं होतं. एक नमुना तिसऱ्या महिन्यात, दुसरा आठव्यात. नमुना कशाचा, ते जेवणाआधी सांगत नाही. जाणकारांनी समजून घ्यावं.

नमुने घ्यायचं काम बाईंचं, आणि त्यांची एक रीत होती. नळीवरचा नंबर त्या स्वतः लिहायच्या नाहीत. प्रत्येकीच्या हातात पेन देऊन म्हणायच्या, "नमुना जिचा, अक्षर तिचं. लिही, घाई नाही." मी तेव्हा नवी, हुशार आणि कायम घाईत. मला हा निव्वळ वेळखाऊपणा वाटायचा.

पहिल्या नमुन्यांत सगळं ठाकठीक होतं. आठव्या महिन्यातल्या नमुन्यांचे निकाल आले आणि माझी झोप उडाली. बायका त्याच, पण आतली वस्ती ओळखू येईना. काही जंतू पार घटलेले, काही भलतेच माजलेले. निकाल दिसत होते मधुमेहाच्या रुग्णांसारखे. आणि मधुमेहाच्या अभ्यासाचे नमुने त्याच फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात. मग काय विचारता? डबे बदलले, चूक कुलपाची, असा निकाल मी बसल्या जागी लावून टाकला. बाईंना एका शब्दाने विचारलं नाही. सरळ पत्र लिहिलं की निष्काळजीपणामुळे नमुन्यांची अदलाबदल झाली आहे. दुपारपर्यंत बाईंच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली गेली आणि चौकशी लागली. मी दोन वर्षांचे नमुने फेकायची तयारी सुरू केली.

बाई भांडल्या नाहीत. अकराव्या दिवशी मॅडमची परवानगी काढून, बर्फाचा डबा घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. त्यातून दोन नळ्या काढून समोर धरल्या.

"डॉक्टर, हे अक्षर कोणाचं?"

दोन्हींवर चोवीस. चारचा पाय लांबच लांब ओढलेला. ही खोड माझी. हो, अभ्यासातली चोवीस नंबरची गरोदर बाई मीच होते. मला आठवा महिना चालू होता. माझा पहिला निकाल साधा, दुसरा इतर सगळ्यांसारखाच उलटापालटा.

मी म्हणाले, "पण मला साखर नाही. माझा कसा बदलेल?"

"नळ्या नाही बदलल्या, डॉक्टर. तुम्ही बदललात. आठव्या महिन्यात कुठली बाई पहिल्यासारखी राहते?"

मग आम्ही दोघींनी एकूण एक नळी काढली. तिसऱ्या महिन्याचं अक्षर, आठव्या महिन्याचं अक्षर, जोडीने लावत गेलो. सगळ्या जोड्या जुळल्या. तो आजार नव्हताच. बाळासाठी ऊर्जेची साठवण करायची म्हणून शरीर स्वतःच हा बदल घडवत असावं, असा आमचा अंदाज आहे. जे नमुने मी कचऱ्यात टाकणार होते, त्यांच्यामुळेच आमच्या विभागाचं नाव झालं. मला बढती मिळाली. बाईंना किल्ली परत मिळाली.

आणि माफी? ती मी मागितलीच नाही. आधी लाज वाटली, मग बाळंतपण झालं, मग सवय झाली. बाई मात्र माझ्या लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला न चुकता फोन करत राहिल्या. गेल्या आठवड्यात या भाषणासाठी बाईंची रुजू झाल्याची तारीख हवी होती, म्हणून त्यांची फाईल मागवली. माझं पत्र अजून तिथेच आहे. बत्तीस वर्षांच्या फाईलमध्ये एकच डाग, आणि तो मी लावलेला. मला फार वाईट वाटलं.

बाई, मान हलवू नका, मी थांबणार नाही. मॅडमच्या संमतीने आजपासून त्या पत्रावर माझ्या माफीचं दुसरं पत्र लागेल. छापलेलं नाही, हाताने लिहिलंय. खाली सहीशेजारी चोवीस हा आकडा आहे. चारचा पाय लांब आहे, तुम्ही ओळखालच.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बाई, ती जुनी चूक मात्र आता तुम्ही पोटात ठेवू नका. चूक जिची, अक्षर तिचं.